पडद्याबाहेरचा निर्णय

मी पडद्याआड उघड्या छातीने बसले होते आणि पडद्याबाहेर डॉक्टर माझ्या भासऱ्यांना विचारत होते, हिचा स्तन ठेवायचा की काढायचा.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या नाचणगावच्या घरात सून त्यांच्यासमोर पदर कपाळापर्यंत ओढते आणि तोंड उघडत नाही. लग्न झाल्यापासून त्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता.

माझ्याआधी पुलगावच्या एका दुकानदाराची सून आत होती. तिला डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. गाठ लहान आहे, तेवढीच काढू, बाजूचा भाग ओढून आकार राखू, नंतर मशीनवर किरणांचे शेक घ्यावे लागतील. तुम्हाला काय वाटतं? बाहेरच्या बाकावरून मी सगळं ऐकलं. माझीही गाठ लहानच. तपासताना ते स्वतःच म्हणाले होते.

पण माझ्या वेळी चित्र नाही. "घरातलं मोठं कोण आहे?"

भासरे म्हणाले, "पुरा काढून टाका साहेब. लेकरं झाली. आता काय करायचं हाये तिले?"

"तेच बरं. शेतात जाणारी बाई, रोज शेकाला कुठे येणार? आणि आकार कुणाला दाखवायचाय?"

दोघं हसले. नवराही तिथेच होता; त्याचं हसू ऐकू आलं नाही.

ब्लाउजचे हुक लागेनात. भीतीने नव्हे, रागाने. वावरात जायच्या आधी मीही आरशात बघते. हे यांना कुणी सांगायचं?

मी पडदा सरकवला. पदर खांद्यावर होता. तिथेच राहू दिला.

"भाऊजी, अंग माझं हाये. मले काऊन नाई विचारलं?"

भासऱ्यांनी मान फिरवली, जणू मी अजून उघडीच आहे. नवरा पुटपुटला, "अवं, पदर घे."

घेतला नाही.

"डॉक्टरसाहेब, त्या बाईले दाखवलं ते चित्र मले दाखवा. वावरात रोज जाणारी बाई शेकाले काऊन नाई येणार?"

डॉक्टरांनी पेन उचललं.

आकार राहिला. बाजूला एक आडवा व्रण आहे. भासरे माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. न घेवोत.

एखादीने सगळं काढायचं ठरवलं, तर तेही तिचंच. आजार काय करू देतो ते डॉक्टरांनी सांगावं. ठरवेल ती.

आता गावात कुणाला गाठ लागली की मी सोबत जाते. पडद्याबाहेर थांबते. डॉक्टर घरातल्या मोठ्याला हाक मारतात, तेव्हा मध्ये उभी राहते.

"बाई आत हाये. तिले विचारा."