दिलेलं आणि न दिलेलं

सणसरच्या अप्पांनी उभी हयात एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. नट-बोल्ट, बेअरिंगा, पितळी कॉक, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. बौद्ध वस्तीतला पोरगा स्टोअरवर बसवला म्हणून सुरुवातीला काहींनी नाकं मुरडली होती. पहिल्याच वर्षी एक पाना हरवला, तेव्हा गेटवर सगळ्यांच्या आधी अप्पांची पिशवी उपडी केली. आत रिकामा डबा आणि अर्धी भाकरी निघाली. पाना पुढं मशीनखालीच सापडला, पण अप्पांनी त्या दिवशी मनाशी गाठ मारली ती मारलीच. कारखान्यातला साधा खिळा कधी त्यांच्या घरच्या भिंतीला लागला नाही. बायको, भागुबाई, चिडायची, "अवो, गंजलेला हाय, टाकूनच देनार हायती." अप्पा म्हणायचे, "टाकू दे की. मला कुनी दिलेला न्हाय."

हे ऐकतच त्यांची मुलगी करुणा वाढली. डिप्लोमा करून तिनं बारामतीत एसटी स्टँडजवळ माडीवर कॉम्प्युटर क्लास काढला. अप्पा निवृत्त झाले त्या वर्षी, म्हणजे नव्याण्णव साली, पुण्यातली एक कंपनी जुने लॅपटॉप मोडीत काढत होती. त्यातला एक तिनं रीतसर विकत घेऊन अप्पांना दिला. पाटासारखा जाड, काळा, मांडीवर घेतला तर मांडी भाजायची. अप्पांनी तो लेकरासारखा जपला. विहारातल्या सूचना, वस्तीतल्या लग्नपत्रिकांचा मजकूर, सगळं ते मराठीत एका बोटानं टाइप करायला लागले.

एके दिवशी पेपरात बातमी आली. पुण्यात कॉम्प्युटरच्या दुकानांवर धाडी पडल्या होत्या, चोरून कॉपी केलेले प्रोग्राम पकडले होते. करुणा घरी आली तेव्हा अप्पा पेपर घेऊन ओट्यावरच बसले होते.

"करुणा, आपल्या ह्याच्यातली विंडोज कुठनं आली?"

"मीच टाकली की अप्पा."

"इकत घेतली?"

करुणानं चप्पल काढायला नको तितका वेळ लावला. "सगळी अशीच वापरत्यात, अप्पा. आख्ख्या बारामतीत कुनी इकत घेत न्हाय."

"मी सगळ्यांचं न्हाय इचारलं," अप्पा म्हणाले.

त्यांनी लॅपटॉप धुतलेल्या धोतरात गुंडाळून फळीवर ठेवला. पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणायला पुढं उभे राहायचे ते अप्पाच. त्या पौर्णिमेला ते मागच्या भिंतीला टेकून बसले. न दिलेलं घेणार नाही, हे त्यातलं शील आता कुठल्या तोंडानं म्हणू, एवढंच ते भागुबाईला म्हणाले. तिनं ते करुणाला सांगितलं. करुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसानं जन्मभर कुणाच्या पैला हात लावला नाही, त्याच्या घरात चोरी तिनं नेऊन ठेवली होती, तीही भेट म्हणून.

एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर तिला मागं एक सीडी मिळाली होती, विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची. ती कपाटात तशीच पडली होती. पुढच्या रविवारी ती सीडी घेऊन ती सणसरला आली. अप्पांचा मजकूर आधी फ्लॉपीवर काढून घेतला, मग सगळं पुसलं. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी सरसर वर चढायला लागल्या. मध्येच पडदा आडवा-तिडवा हलला, बाण जाग्यावर राहीना, दोनदा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. अप्पा शेजारी मांडी घालून बसले होते. संध्याकाळी पडद्यावर एक गुबगुबीत पक्षी आला.

"ह्यो पक्षी कंचा?"

"पेंग्विन. बर्फातला."

"आनि ह्याचा मालक?"

"मालक एक न्हाय, अप्पा. जगभरातल्या मानसांनी मिळून लिवलंय. कुनीबी घ्या, कुनालाबी द्या, असं त्यांनीच लिहून दिलंय."

"म्हंजे दिलेलं हाय," अप्पा म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले.

अडचण एकच होती. त्याच्यात मराठी उमटत नव्हतं. करुणानं खूप खटपट केली, पण अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी यायच्या. अप्पा म्हणाले, असू दे. ते मराठीच लिहायला लागले, पण इंग्रजी अक्षरांत. भागुबाई प्रौढ वर्गात लिहा-वाचायला शिकलेली. ती पडद्याकडं बघून म्हणाली, "मला वाचता येत व्हतं, तेबी गेलं का आता?" अप्पांनी तिला अख्खी सूचना मोठ्यानं वाचून दाखवली.

तीच सूचना छापायला अप्पा फ्लॉपी खिशात घालून बारामतीला करुणाच्या क्लासवर गेले. सकाळची बॅच भरली होती. पोरं उठून उभी राहिली. अप्पांना भरून आलं. छपाई होईपर्यंत ते पोरांना सांगायला लागले, "तुमच्या म्याडमनी माझं मशीन सोच्छ करून दिलं. चोरीचं व्हतं, ते काढलं. आता दिलेलं हाय. तुमी नशीबवान, असल्या बाईच्या हाताखाली शिकताय."

करुणा प्रिंटरकडं तोंड करून उभी राहिली. क्लासातल्या सगळ्या मशिनींवर तीच विंडोज होती, एकाच सीडीवरून टाकलेली. ती सीडी तिच्या टेबलाच्या खणात होती.

कऱ्हाटीहून येणारी उत्कर्षा साधी पोरगी. तिनं निर्मळ मनानं विचारलं, "मॅडम, मग आपल्या हितली पण दिलेलीच आहे का?"

नुसता प्रिंटर करकरत होता. होय म्हणावं, तर अप्पा समोर. नाही म्हणावं, तर पोरं समोर. करुणानं मान वर केली नाही. अप्पांनी तिच्याकडं पाहिलं, मशिनींच्या रांगेकडं पाहिलं, आणि त्यांना कळलं. कागद घडी करून ते म्हणाले, "जयभीम पोरांनो, चलतो."

स्टँडपर्यंत ती त्यांच्या मागं गेली.

"अप्पा, नोकरीला समदी विंडोजच मागत्यात. दुसरं शिकवलं तर पोरं टिकनार न्हाईत. बोला की काय तरी."

"काय बोलू?" अप्पा म्हणाले. "मी तितं तोंड भरून सांगत व्हतो, तवा तू मला थांबवायचं व्हतंस. एवढंच."

एसटी आली, ते चढले. खिडकीतून त्यांनी हात केला, नेहमीसारखाच, आणि तेच तिला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी तिनं बॅचला खरं ते सांगितलं. काही पोरांना गंमत वाटली, काहींना त्यात सांगण्यासारखं काय आहे हेच कळेना. अर्ध्या मशिनींवर तिनं लिनक्स टाकलं. दोघं-तिघं दुसऱ्या क्लासला गेले. भिंतीकडच्या रांगेतल्या उरलेल्या मशिनी तशाच ठेवल्या, परीक्षा विंडोजवर असायची म्हणून. जमेल तसं विकत घेऊ, असं ती स्वतःला सांगत राहिली, आणि वर्ष सरलं तरी सगळं काही जमलं नाही.

अप्पा पुढंही महिन्याकाठी फ्लॉपी घेऊन यायचे. दारातल्या खुर्चीवर बसायचे, चहा घ्यायचे, पोरांची चौकशी करायचे. भिंतीकडच्या रांगेत काय चालतं, ते त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांनी एकदा विचारावं, म्हणून करुणा वाट बघायची. ते आले की तेवढा वेळ ती भिंतीकडच्या मशिनींचे पडदे बंद करून ठेवायची.