कोरं म्हणजे कबूल

जपानात, ओजिमातल्या आमच्या इमारतीत रहिवासी मंडळाची सूचनांची पाटी दारोदार फिरते. कचरा कोणत्या वारी टाकायचा, जिन्याची सफाई कधी, असला मजकूर असतो आणि खाली हरकतीसाठी एक चौकोन. तो भरायचा नसतो, हे इथे आल्यावर आठवड्याभरात कळतं. सहीऐवजी आपला शिक्का मारायचा आणि पाटी शेजाऱ्याच्या दाराला अडकवायची. मीही तेच केलं, आणि थोड्याच वेळात बेल वाजली. दारात बारीक चणीचे, सत्तरीचे एक गृहस्थ. शर्टाच्या खिशात पेन्सिल, हातात तीच पाटी.

"दारावर कुलकर्णी लिहिलंय, म्हणजे मराठीत भांडायला हरकत नाही," ते म्हणाले. "सायकली ठेवायची जागा बंद करतायत. तुमची सायकल तिथेच असते, मी रोज बघतो. चौकोन रिकामा ठेवलात, म्हणजे तुम्हाला चालतंय असं झालं. कोरं म्हणजे कबूल."

हे दातार सर. धातुशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, मूळचे साताऱ्याचे. वडील तिथल्या कोर्टात शिरस्तेदार होते. त्यामुळे घरात गोष्टी सांगायच्या त्या खटल्यांच्या, असं सर म्हणत. जपानात त्यांचं अख्खं आयुष्य गेलं होतं. फुमिको काकू जपानी, घरातच पियानो शिकवायच्या आणि सरांना हाक मारायच्या "अहो." दाराबाहेर पाटी होती ती इशिकावा अशी, काकूंच्या आडनावाची. येणारे-जाणारे सगळे तिला शिकवणीची पाटी समजत. मीही तशीच समजत होते.

खरी गोष्ट काकूंनीच मला एकदा चहा ओतता ओतता सांगितली. इथे नवरा-बायकोचं आडनाव कायद्याने एकच लागतं. फक्त एक जण परदेशी असेल तर सूट. त्या सवलतीवर या दोघांचा संसार पस्तीसेक वर्षं दोन आडनावांनी सुरळीत चालला होता. पुढे निवृत्तीनंतर सरांनी जपानी नागरिकत्व घ्यायचं ठरवलं. कारण एकच, मत हवं होतं. "कर भरतो, भांडतो, इथेच मरणार, मग विचारत का नाहीत मला?" नागरिक झाल्यावर ती सवलत संपली. दोघांतल्या एकाला आडनाव सोडणं भाग होतं. काकूंच्या विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या त्यांना इशिकावा-सेन्सेई, म्हणजे इशिकावा बाई, म्हणून ओळखत होत्या, म्हणून सरांनी आपलं सोडलं. भारताचा पासपोर्ट आणि दातार, दोन्ही एकाच वर्षी गेलं. बाहेर कुणाला ते याबद्दल अक्षरही बोलले नाहीत.

इथे संसदेच्या निवडणुकीच्या दिवशी आणखी एक मतपत्रिका मिळते. सर्वोच्च न्यायालयात नव्याने नेमलेल्या न्यायमूर्तींची नावं तिच्यावर असतात. जो नको वाटेल त्याच्या नावावर फुली मारायची. काहीच लिहिलं नाही तर तो तुम्हाला मान्य आहे असं धरतात. बहुतेक लोक ती कोरीच पेटीत टाकतात. सर मात्र त्या कागदासाठी नवा सदरा घालत. आधी महिनाभर एकेका न्यायमूर्तीचे निकाल शोधून वाचत आणि समासात पेन्सिलीने शेरे मारत.

पहिल्याच मताला घोटाळा झाला. एका न्यायमूर्तींचा निकाल सरांना इतका आवडला होता, की त्यांनी त्यांच्या नावावर छान गोल काढला. इथे शाळेत बरोबर उत्तराला गोल करतात आणि सरांनी जन्मभर पेपर तपासलेले. घरी येऊन त्यांनी हे कौतुकाने सांगितलं तेव्हा काकू हसायला लागल्या, आणि मग त्यांना हसता येईना. फुलीशिवाय दुसरं काही लिहिलं की मतपत्रिका बाद. सर त्या संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "इथे शाबासकी द्यायची सोय नाही. नापास तेवढं करता येतं." आडनाव देऊन घेतलेलं मत असं वाया गेलं होतं.

रविवारी निशी-कसाई भागात कर्णिकांकडे मराठी मंडळी जमत. कर्णिक आयटीतले, आवाज खणखणीत. न्यायमूर्ती कोण नेमतं, कुणाचा माणूस कुठे बसवला, यावर तिथे पोहे थंड होईपर्यंत वाद चाले. अमेरिकेपासून सुरुवात करून गाडी भारतावरून जपानावर येई. एका निवडणुकीआधी वादाला विषय मिळाला तो एका नव्या न्यायमूर्तींचा. वेगवेगळी आडनावं ठेवू द्या, अशी दाद मागणाऱ्या जोडप्यांच्या विरुद्ध त्यांनी मत दिलं होतं. कर्णिक म्हणाले, सरकारचा माणूस आहे, उडवा. बापट म्हणाले, माणूस कुटुंबसंस्था वाचवतोय, ठेवा. सरांनी दोघांना विचारलं, निकाल वाचलात का? वाचला कुणीच नव्हता. त्या खोलीत सर सोडून मतही कुणाला नव्हतं.

"सरांचं बरंय," कर्णिक म्हणाले. "मत फुकटात मिळालंय, म्हणून एवढी चैन परवडते." सगळे हसले. सरही हसले आणि त्यांनी चटणी मागितली.

त्यांची मुलगी नाओमी योकोहामाला संशोधन करते. ताकुयाबरोबर ती कितीतरी वर्षं राहते आहे, पण कागदावर लग्न नाही, कारण दोघांनाही आपापलं आडनाव सोडायचं नाही. ताकुयाचं ऑपरेशन झालं तेव्हा सहीसाठी त्याच्या आईला ओसाकाहून यावं लागलं. नाओमी बाकावर बसून राहिली. आता त्यांना मूल हवं होतं. ती वडिलांकडे येऊन म्हणाली, आडनावाच्या निकालातल्या या एकाच माणसाला फुली मारा. नव्या न्यायमूर्तींचं नाव एकदा येऊन गेलं की पुन्हा दहा वर्षं येत नाही, आणि तोवर ते निवृत्त होतात. सरांनी शब्द दिला नाही. कारण याच न्यायमूर्तींनी एका परदेशी कामगाराच्या खटल्यात, बाकी सगळे विरुद्ध असताना, त्याच्या बाजूने वेगळं मत लिहिलं होतं. "त्या बिचाऱ्याला मत नव्हतं, नाओमी. त्याच्या वतीने कोण बोलायचं?" ती जपानीत काहीतरी तुटक बोलून निघून गेली आणि यायची थांबली. मला तेव्हा सरांचा राग आला. पोटच्या मुलीपुढे न्यायाचा एवढा ताठा कशाला, असं वाटलं.

मधल्या काळात सरांचं हृदय थकलं, नजर अधू झाली. ती निवडणूक जाहीर झाल्यावर त्यांनी स्वतःच मुलीला फोन केला. एवढंच म्हणाले, "मला आता वाचता येत नाही. तू वाच, मी ऐकतो." ती आली. दोन्ही निकाल तिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचले. कामगाराचा निकाल वाचताना ती मध्येच थांबली आणि पाणी प्यायली. आडनावाच्या निकालावर सर तिला तीच ती पानं पुन्हा वाचायला लावत. हा प्रश्न संसदेने सोडवावा, असं न्यायमूर्तींचं म्हणणं होतं. सर म्हणाले, "संसद वर्षानुवर्षं चौकोन कोरा ठेवते आहे. हे यांना दिसलं नाही?"

मतदानाच्या दिवशी नाओमीने त्यांना चाकाच्या खुर्चीतून शाळेत नेलं. मी काकूंना धरून मागून गेले. ती स्वतः योकोहामात आधीच मत देऊन आली होती. सर आडोशामागे इतका वेळ थांबले, की तिथली बाई दोनदा वाकून बघून गेली. बाहेर आल्यावर शाळेच्या अंगणात त्यांनी खुर्ची थांबवायला लावली.

"मारली," ते म्हणाले. "माणूस चांगला आहे गं. निकाल चुकला. पण फुली निकालावर मारता येत नाही, माणसावरच मारावी लागते." त्यांचे डोळे भरून आले होते. नाओमीने त्यांच्या गुडघ्यावरची शाल सारखी केली आणि खुर्ची घराकडे वळवली. माझा राग त्या अंगणातच संपला.

न्यायमूर्ती अर्थातच राहिले. या फुल्यांनी आजवर कुणी गेलेलं नाही, आणि हे सरांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

पुढच्या थंडीत सर गेले. अंत्यविधीच्या सभागृहात ताकुया बाहेर नोंदणीच्या टेबलाशी बसला होता, कारण नातेवाइकांच्या रांगेत कागदोपत्री त्याला जागा नव्हती. तेवढ्यात मला कर्णिकांचा फोन आला. ते आणि बापट खाली दारातच घोटाळत होते. फोनवरच्या भाषांतरात पाटीवरचं नाव भलतंच येतंय, दातार कुठेच नाही, आपण चुकीच्या जागी आलोय का, असं विचारत होते. मी खाली गेले. पाठोपाठ नाओमी आली.

"सरांचं नाव तरी लावायचं," कर्णिक जरा नाराजीने म्हणाले.

"हेच त्यांचं नाव आहे, काका," नाओमी मराठीत, शब्द जुळवत म्हणाली. "बाबांना मत पाहिजे होतं. त्याच्यासाठी त्यांनी दातार दिलं."

कर्णिक पाटीकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, "कसं वाचायचं हे?"

नाओमीने एकेका अक्षराखाली बोट धरलं. "इशि. कावा."

"इशिकावा," कर्णिक म्हणाले, आणि बूट काढून आत गेले.