परमुलखातली पहिली संक्रांत

पाणी सकाळी घटकाभर यायचं, आणि तेही त्याला लहर आली तर. चहूबाजूंनी समुद्राने वेढलेलं बेट, आणि प्यायला पाणी नाही! नागावला आमच्या वाडीत रहाट चालायचा, माडांच्या आळ्यांतून पाणी खळखळत जायचं, आणि इथे मी उजाडायच्या आत उठून तोटीखाली बादली लावून बसायचे. तोटी आधी खोकायची, मग थुंकायची, मग कुठे बोटभर धार. मी ह्यांना म्हणायचे, "अहो, नोकरी करायला तुम्हाला सगळ्या पृथ्वीवर हेच बेट सापडलं का?" हे हसायचे. हसायला ह्यांचं काय जात होतं? हे दिवसभर पेढीवर, बादली माझ्या नशिबी.

साठ साल अजून उजाडायचं होतं तेव्हाची ही गोष्ट. हे किहीमचे. नागावहून किहीम म्हणजे बैलगाडीने सकाळचा रस्ता, म्हणून आई खूश होती, पोरगी हाकेच्या अंतरावर दिली. लग्नानंतर महिन्याभरात ह्यांना एका सिंधी पेढीने मुंबईहून थेट कॅनरी बेटांवर धाडलं. आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात पडलेली, स्पेनच्या ताब्यातली ही बेटं. हाकेच्या अंतरावर दिलेली पोरगी अशी सातासमुद्रापार गेली. आई धक्क्यावर नुसता माझा पदर नीट करत राहिली.

ह्यांना तिथली भाषा लवकर आली. मला आले ते भाजीबाजारापुरते शब्द. पाणी, टोमॅटो, केवढ्याला, केव्हा, नवरा, बोट. एवढ्या भांडवलावर संसार चालवायचा होता. भाजीवाली मला टोमॅटोला हात लावू द्यायची नाही. तिच्या मनाला येईल ते ती पुडीत भरायची आणि वर माझ्याच गालाचा चिमटा काढायची. दुपारी जेवणं झाली की अख्खी गल्ली झडपा लावून झोपायची, दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रंही नाही. एकदा मीठ संपलं तर सूर्य कलेपर्यंत आमटी तशीच ठेवावी लागली. कोथिंबीर मात्र ढिगाने मिळे. पण नारळ नाही. नागावची पोर मी, नारळाशिवाय कोथिंबिरीचं करू काय? लोणचं?

घरमालकीण खाली राहायची, आम्ही वर. पन्नाशीची, उंच, पायघोळ काळा झगा, डोक्याला काळा रुमाल. जिन्यात भेटली की दोन्ही गालांचे मुके घ्यायची आणि मी अंग चोरून उभी राहायचे. गल्लीतल्या निम्म्या बायका अशाच काळ्या कपड्यांत असायच्या. गच्चीवर दोऱ्यांना काळेच कपडे वाळत. मी आपली समजूत करून घेतली होती की पाण्याचा हा असा दुष्काळ, काळ्यावर मळ दिसत नाही, म्हणून काळं वापरत असतील. शहाणपणच आहे, असं मी मनात म्हणायचे. विचारायचं कुणाला? आणि कुठल्या शब्दांत?

पौष लागला तसा वारा सुटला. त्या आठवड्यात पेढीने ह्यांना शेजारच्या बेटावरच्या दुकानाचा माल बघायला पाठवलं. टपालाच्या छोट्या बोटीने जायचं आणि शनिवारी संध्याकाळी परत यायचं, असं ठरलं होतं. शनिवारी मी गच्चीवर उभी राहून बंदराकडे बघत होते. समुद्र पांढरा झाला होता. बोट आली नाही. मी मनाला सांगितलं, वेड्या, मुंबईहून येणारी रेवसची लाँच भरतीसाठी तासन् तास चिखलात रुतून बसते, तेव्हा कुणी रडतं का? पण काळोख पडला तरी मी गच्चीवरून खाली उतरले नाही. मन चिंती ते वैरी न चिंती.

दुसऱ्या दिवशी रविवार, आणि संक्रांत. लग्नानंतरची पहिली. आईने ट्रंकेत काळी चंद्रकळा घालून दिली होती, बारीक रुपेरी ठिपक्यांची. हलव्याचे दागिनेही दिले होते, पण बोटीच्या दमट हवेत त्यांचा कधीच चिकट गोळा झाला होता. वर्षभर काळ्याला हात लावायचा नाही, पण संक्रांतीला काळंच नेसायचं, आणि पहिल्या संक्रांतीला तर नेसलंच पाहिजे, हे आईने बजावून बजावून सांगितलेलं. एकदा वाटलं, हे घरात नाहीत, नटायचं कुणासाठी? मग दुसरं वाटलं, आणि त्या दुसऱ्याने मला भीती घातली. पहिला सण, नवरा समुद्रात, आणि मी सौभाग्याचं लेणं टाळायचं? न जाणो. मी चंद्रकळा नेसले, कुंकू ठसठशीत लावलं, पेढीच्या शेठच्या बायकोने दिलेल्या मूठभर तिळात बदाम कुटून लाडू केले होते ते ताटलीत घेतले. स्टोव्हवर वरणाची डाळ चढवली आणि खाली गेले. शेजारणीला तिळगूळ दिला की सण झाला, एवढाच विचार.

घरमालकीण नुकतीच देवळातून आली होती. दार उघडलं, माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि तिचा हात छातीवर गेला.

"मारीदो?" तिने विचारलं. नवरा?

मला वाटलं, नवरा कुठाय विचारते आहे. मी बंदराकडे हात केला. "बार्को," म्हटलं. बोट.

ती एकदम ओरडली. मला तिने इतकं घट्ट धरलं की ताटली कलंडली आणि लाडू जिन्यावरून घरंगळत गेले. ती रडत होती. हमसून हमसून रडत होती, आणि माझ्या पाठीवर थापटत होती. हिला काहीतरी कळलंय, एवढंच डोक्यात आलं. देवळात कळलं असेल. बंदरावरच्या कुणी सांगितलं असेल. सगळ्या गावाला माहीत आहे आणि मला नाही.

"कुआन्दो?" मी विचारलं. केव्हा?

तिने डोळे पुसत माझ्याकडे पाहिलं, तोच शब्द मलाच परत विचारला आणि दोन्ही हात वर केले. म्हणजे केव्हा ते हिलाही ठाऊक नाही, असं मी समजले. म्हणजे बोट रात्रीच कधीतरी गेली.

बघता बघता जिना बायकांनी भरला. समोरच्या घरातली ठेंगणी, कोपऱ्यावरची शिंपीण, आणखी एक म्हातारी. मला धरून त्यांनी वर आणलं, खुर्चीत बसवलं. एकीने बंदराकडची झडप ओढून घेतली. एकीने आरशावर माझाच टॉवेल टाकला. शिंपिणीने स्वयंपाकघरात जाऊन स्टोव्हची हवा सोडली. तो फुस्स आवाज मी ऐकला आणि माझी उरलीसुरली आशा संपली.

कारण हे मी आधी पाहिलं होतं. मी नऊ-दहा वर्षांची असताना आमच्याकडे मासळी घालायला येणाऱ्या कोळणीच्या नवऱ्याचं होडकं परत आलं नव्हतं. आई मला घेऊन तिच्या घरी गेली. बायका एकेक करून आत येऊन भिंतीला टेकत होत्या, कुणी तोंड उघडत नव्हतं. एकीने तिच्या चुलीवरचं भाताचं भांडं उतरवलं आणि लाकडं मागे ओढली. ती बिचारी एकीकडून दुसरीकडे बघत म्हणत होती, "काय झालं गो? कोनी बोलत का न्हाय? बोला ना गो!" कुणी बोललं नाही. चूल विझवली यातच सगळं आलं होतं. आता माझा स्टोव्ह विझला होता, आणि समोरची ठेंगणी झाकलेलं पातेलं घेऊन येत होती. झाकण काढलं तर वाफाळतं सूप. आमच्याकडे अशा घरात शेजारी पिठलंभात आणून देतात. ह्यांच्याकडे सूप.

मला रडू आलं नाही. राग आला. ह्यांचा राग आला, भर वाऱ्यात बोटीत बसायला कुणी सांगितलं होतं? आईचा आला, म्हणे पोरगी हाकेच्या अंतरावर दिली! ज्या भाषेत माझ्या नवऱ्याचं मरण मला सांगत होते ती मला येत नव्हती, म्हणून माझा स्वतःचा आला. किहीमला तार कोण करणार? सासूबाईंना वाचून कोण दाखवणार? आणि देह सापडला असेल तर तो मी कुठे शोधायचा, कुणाला काय विचारून? मी उठायला गेले की चार हात मला खाली बसवत. "पेढी," मी म्हणत होते, "पेढीवर जाऊ द्या मला," चक्क मराठीत. रविवारी पेढीला कुलूप असतं हेसुद्धा सुचलं नाही. त्या नुसत्या मान डोलवत आणि जपमाळेचे मणी ओढत.

मला घाम फुटला होता. म्हातारीने दुसरा टॉवेल ओला केला आणि माझं तोंड पुसायला लागली, आईने लहान पोराचं पुसावं तसं. गाल, हनुवटी, मग कपाळ. तिने टॉवेल बाजूला केला तर तो लालभडक. तिला वाटलं रक्त. ती किंचाळली. तिच्याहून मोठ्याने मी किंचाळले. माझं कुंकू त्या टॉवेलवर होतं. मी दोन्ही मुठींत मंगळसूत्र धरलं. त्याला कुणी हात लावत नव्हतं, लावणारही नव्हतं, पण मी सोडेना. घरमालकीण माझ्यासमोर गुडघे टेकून बसली, आणि माझ्या मुठींवर तिने आपले हात ठेवले. तिच्या हाताला लसणाचा वास येत होता. ते हात मला झिडकारावेसे वाटले आणि झिडकारता आले नाहीत.

दार त्यांनी अर्धवट उघडंच ठेवलं होतं. जिन्यावर बुटांचा आवाज झाला, मधेच थांबला, पुन्हा झाला. आणखी कुणीतरी रडायला आलं, असं मला वाटलं.

दारात हे उभे होते. दाढी वाढलेली, कोट चुरगळलेला, हातात बॅग. ह्यांनी खोली पाहिली, झाकलेला आरसा पाहिला, मला पाहिलं. काळं लुगडं, मोकळं कपाळ. हातातली बॅग खाली पडली.

"कोण गेलं?"

मी मंगळसूत्र मुठीत धरून ह्यांच्याकडे बघत राहिले.

"अगं बोल. तार आली का? कुणाची आई? तुझी की माझी?" ह्यांचा आवाज फाटला. "माझी ना? माझीच ना?"

"तुम्ही," मी म्हटलं.

मग एकच कालवा झाला. म्हातारीने कपाळाला-छातीला बोटं लावून क्रूसाची खूण केली, शिंपीण दारातून पळाली ती खालच्या पायरीवर जाऊन ओरडायला लागली. ठेंगणी सुपाच्या पातेल्याला मिठी मारून बसली. घरमालकीण उठली, तिने ह्यांच्या दंडाला धरलं, कोट चाचपला आणि ह्यांच्या छातीत एक सणसणीत बुक्की मारली. मग हे बोलत राहिले आणि त्या सगळ्या एकदम बोलत राहिल्या. वाऱ्यामुळे बोट रात्रभर पलीकडच्या बेटाच्या आडोशाला थांबली होती, एवढंच झालं होतं. काळ्या कपड्यांचं हे मला मराठीत सांगत होते आणि संक्रांतीचं त्यांना त्यांच्या भाषेत. कुणी मेलं की इथे घरातला आरसा झाकतात आणि बाई वर्षानुवर्षं काळं घालते. घरमालकिणीचा नवरा मासेमारीला गेला तो आलाच नाही. ती पाण्याच्या दुष्काळामुळे काळं घालत नव्हती. आणि सणाला काळं नेसणारी बाई त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. ठेंगणीला माझा भयंकर राग आला. तिने पातेलं उचललं आणि ती चालू लागली. घरमालकिणीने ते तिच्या हातातून काढून घेतलं, ह्यांना खुर्चीत बसवलं आणि सूप प्यायला लावलं. हे आपल्याच सुतकाचं सूप मुकाट्याने प्यायले, भूकच तेवढी लागली होती. मी जिन्यावरचे लाडू गोळा केले, फुंकून पुसून सगळ्यांच्या हातावर ठेवले. "तिळगूळ घ्या, गोड बोला," म्हटलं. एकीलाही कळलं नाही, पण खाल्ले सगळ्यांनी.

सगळ्या गेल्यावर मी आरशावरचा टॉवेल काढला आणि कुंकू लावायला गेले. काही केल्या वाटोळं येईना. हे मागे उभे होते. ह्यांनी करंडा माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच लावलं, भिवईच्या बरंच वर, वाकडं. मी तसंच राहू दिलं.

दिवेलागणीला मी बाजाराची पिशवी शोधत होते, सोमवारी भाजी आणायला हवी होती. हे म्हणाले, "ठेव ती. इकडे बस. टोमॅटो-बटाटे पुरे झाले, आधी हे शिक. एस्ता वीवो?"

"म्हणजे?"

"तो जिवंत आहे का? बायका रडत येवोत, काळ्यात येवोत, पांढऱ्यात येवोत, पहिल्यांदा हेच विचारायचं. मग घाबरायचं."

मी म्हटलं. जीभ अडखळली. "परत," हे म्हणाले. परत म्हटलं. ह्यांनी माझं मनगट धरलं होतं, आणि कधी नव्हे ते ह्यांचा हात गार होता. मी विचारत राहिले, एस्ता वीवो, एस्ता वीवो, आणि हे दर वेळी, शिकवायचं विसरून, उत्तर देत राहिले. "आहे. आहे गं. आहे."