यूसुफभाईंची मागची सीट

यूसुफभाई गाडीचा मुका घेतात, असं आमच्या आळीतली पोरं म्हणायची. जुन्नरला स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज आणि त्याला लागून माझं शिवणकामाचं दुकान. दुरुस्त झालेली गाडी उन्हात उभी असली की किल्ली देण्याआधी यूसुफभाई वाकायचे आणि मागच्या सीटला गाल लावायचे. तापलेली वाटली तर ओल्या फडक्याने पुसायचे, पुन्हा गाल लावायचे आणि मग गिऱ्हाइकाच्या बायकोला म्हणायचे, "बसा आता, ताई." पिकलेली दाढी, ग्रीसने काळे झालेले हात आणि सीटवर टेकलेला गाल. नवखा माणूस बघतच राहायचा. हाताने बघा की हो, असं कुणी म्हटलंच तर म्हणायचे, "माजे हात खोटं बोलत्यात."

ही सवय त्यांना कधी लागली ते मला माहीत आहे. मी तिथे होते.

तरुणपणी यूसुफभाई नारायणगावच्या टोमॅटोच्या ट्रकवर होते. एकदा उत्तरेत माल उतरवल्यावर ट्रक बंद पडला. पार्ट येईपर्यंत हे भटकत भटकत मनालीच्या वर गेले आणि तिथे बर्फावर पळणारी गाडी बघून आले. बघून कसले, वेड लावून घेऊन आले! तेव्हापासून दिवाळी झाली की बोचकं बांधायचं, पर्यटकांना बर्फावर फिरवणाऱ्या एका मालकाकडे त्या गाड्यांची देखभाल करायची आणि शिमग्याला परत यायचं. जुन्नरचा माणूस आणि बर्फाचा मेकॅनिक. लोकांना थापा वाटायच्या.

त्या गाडीचं वर्णन मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतून उठवलं तरी सांगेन. "चाक एक न्हाई तिला, वैनी. पुढं दोन घसरपट्ट्या आन् मागं रुंद रबरी पट्टा, त्यो फिरतो. आदी टू-स्ट्रोक व्हत्या. लई धूर, लई बोंब, लग्नात रुसलेल्या पावण्यावानी. फोर-स्ट्रोक आली आन् कान निवले. बटन दाबलं की चालू. मागचं माणूस हळू बोललं तरी आयकू येतं." इंजिनाचं पाणी तो बर्फच थंड करतो, पट्ट्याने उडवलेला बर्फ खालून लागत राहतो आणि बर्फ नसलेल्या रस्त्यावर ती गाडी तापते, हे सांगताना तर त्यांचा चेहरा लेकीचं कौतुक सांगणाऱ्या बापासारखा व्हायचा. पण खरा जीव मागच्या सीटवर. तिथे पाठीला टेका आणि धरायला दोन वेगळ्या मुठी. "त्या मुठी आतनं गरम व्हत्यात! मागच्याचा इचार केलाय वो कुणीतरी. न्हाईतर खड्डा दिसतो पुढच्याला आन् दणका बसतो मागच्याला."

मागचं माणूस म्हणजे कोण, ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. शमीमभाभी. मंचरचं माहेर, बोलणं हळू, हसणं मात्र गल्लीभर ऐकू जाणारं. लेकरू नव्हतं. दरवर्षी थंडीत नवरा बर्फात आणि ही इथे एकटी. माझ्या दुकानात बसून हातशिलाई करायची. पुढे संधिवाताने तिची बोटं वाकडी झाली, सुई धरवेना, तरी येऊन बसायचीच. थंडीत तिचे हात इतके गार पडायचे की मी इस्त्री केलेलं कापड तिच्या मांडीवर टाकायची. ती म्हणायची, "मला मेलीला एकदा तो बर्फ दाखवा म्हणावं. त्यांच्या मागं बसायचं, त्या मुठी धरायच्या आन् मग मरायचं." मी म्हणायची, मरायचं कशाला, परत येऊन मला सांगायचं.

यूसुफभाई वर्षानुवर्षं म्हणत आले, पुढच्या वर्षी. ते पुढचं वर्ष येईपर्यंत तिचे गुडघेही गेले. डॉक्टरांनी सांगितलं, लांबचा प्रवास हिला सोसणार नाही. त्या उन्हाळ्यात यूसुफभाई दुकानासमोर नुसते बसून असायचे. आणि पुढच्या शिमग्याला परत आले ते घोंगडीत गुंडाळलेलं एक धूड घेऊन. भंगारात गेलेल्या बर्फाच्या गाडीची मागची सीट, टेक्यासकट, मुठींसकट! रेल्वेत लोकांनी विचारलं, मय्यत आहे का?

वर्षभर खपून त्यांनी ती सीट आपल्या मोटारसायकलवर बसवली. फाटकं कव्हर मी नवं शिवलं. रेक्झिनच्या नादात माझ्या मशीनच्या सुया मोडल्या, मी चार शिव्या दिल्या आणि त्यांनी हसत हसत नव्या आणून दिल्या. मुठींच्या तारा बॅटरीला जोडल्या. कमी-जास्त करायचा खटका काही जमेना, म्हणून चालू-बंद एवढंच ठेवलं. ऊब बरोबर आहे का, हे ते स्वतः मुठी धरून बघत. "अजून थोडी पायजे. हिचे हात लई गार आस्त्यात." दोनदा वाढवली. मी समोरच बसून काजं करत होते. आपण धरून बघावं, हे मलाही सुचलं नाही.

बेत असा होता की जुन्नरहून आहुप्यापर्यंत जायचं. घाट, खड्डे, थंडी, सगळं त्या वाटेवर आहे. हिला हे झेपलं तर टप्प्याटप्प्याने थांबत बर्फापर्यंत न्यायचं. नाही झेपलं तर तो विषय कायमचा बंद. हे ठरताना भाभीने हळूच मला चिमटा काढला.

त्या थंडीत यूसुफभाई बर्फाकडे गेले नाहीत. पौषात एका पहाटे निघालो. पुढे ते दोघं, मागून स्कूटरवर मी आणि आमचे हे. डिंभ्याला चहा घेतला. तिथून घाट चढायला लागलो तशी थंडी अंगात शिरायला लागली आणि यूसुफभाईंनी खटका दाबला. मागे वळून त्यांनी विचारलेलं मला ऐकू आलं, "आली का ऊब?" भाभीने मान जोरात हलवली. तळेघर गेलं, पुढचा रस्ता तर विचारूच नका. ती टेक्याला टेकून ताठ बसलेली होती, दोन्ही मुठी घट्ट धरून. मला वाटलं, जिंकली बाई!

आहुप्याच्या कड्यावर पोचलो तेव्हा खाली कोकण नव्हतंच. कड्याला लागून धुकं भरलं होतं, पांढरंशुभ्र, लांबवर सपाट, आणि त्याच्यावर कोवळं ऊन. भाभी माझा खांदा धरून उतरली. बघत राहिली. मग म्हणाली, "असाच दिसतो का हो तुमचा बर्फ?"

यूसुफभाई तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. "आगदी असाच," म्हणाले. "झेपलं की गं तुला! आता जायाचं आपण."

मी थर्मासमधला चहा ओतून कप पुढे केला. तिने हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. यूसुफभाईंनी तिचं मनगट धरून तळवा उलटा केला. टम्म फोड आले होते. दुसऱ्या हातावर एक फुटलाही होता.

"खटका बंद कर म्हणायचं न्हाई व्हय?" ते ओरडलेच. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. "हात सोडायचे न्हाईत?"

भाभी खाली बघून म्हणाली, "सोडले असते तर तुमी म्हणला असता, हिला झेपत न्हाई. मग मला बर्फाला नेलं नसतं."

यूसुफभाईंनी जाऊन गाडीच्या त्या मुठी धरल्या. अजून गरम असणार. धरूनच राहिले. म्हणाले, "मला नुसती ऊब लागती, वैनी. नुसती ऊब." सगळा जन्म तापलेल्या इंजिनात हात घालणारा माणूस, त्याच्या तळव्यांना पोळणं कळतच नव्हतं. मग ते खाली वाकले, मुठीला गाल लावला आणि चटका बसल्यासारखे मागे सरले. तिथेच दगडावर बसून लहान मुलासारखे रडले. भाभी फोडांचे हात वर धरून मनगटांनी त्यांचं डोकं जवळ घेत होती आणि म्हणत होती, "झेपलं की, बघा, झेपलं की." मी आणि आमचे हे धुक्याकडे तोंड करून उभे राहिलो. काय करणार?

हात बरे झाले. यूसुफभाईंनी मुठींवर कापड गुंडाळलं, तारा बदलल्या, आता प्रत्येक वेळी गाल लावून बघू लागले. दिवाळीनंतर निघायचं पक्कं झालं. मी भाभीसाठी अस्तर लावून जाडजूड कोट शिवायला घेतला. भाद्रपदात तिला ताप आला, न्यूमोनिया झाला आणि आठवडाही काढला नाही तिने. कोटाची बाही लावायची राहिली होती. ती मी अजून लावलेली नाही आणि लावणारही नाही.

शेवटच्या आंघोळीचं पाणी माझ्या बंबात तापलं. त्यांच्यातल्या बायका पडद्याआड थांबल्या होत्या, मी बादली घेऊन निघाले. दारात यूसुफभाई उभे. "थांबा, वैनी." ओंजळीत पाणी घेतलं, गालाला लावलं. "कडक हाय. गार घाला थोडं." मी गार घातलं. त्यांनी पुन्हा गालाला लावलं, मान हलवली आणि बाजूला झाले.

ते पुन्हा बर्फाकडे गेले नाहीत. मालकाचे फोन यायचे, यूसुफभाई म्हणायचे, "मागं कुनाला बसवू?" गॅरेज मात्र चालू ठेवलं आणि लोकांच्या बायकांच्या सीटांना गाल लावत राहिले.

मागच्या थंडीत तेही गेले, दुपारी, गॅरेजातच, पाना हातात असताना. पुन्हा माझाच बंब पेटला. त्यांचे पुतणे बादली न्यायला आले, घाईत होते. मी म्हटलं, थांबा. ओंजळीत पाणी घेऊन गालाला लावलं. कडक होतं. मी गार घातलं आणि मग बादली उचलू दिली.