फुगडीतला सूर्य

सुशीलाबाई मला कधीच आवडल्या नाहीत. आता त्या गेल्या म्हणून आवडून घ्याव्यात, असंही वाटत नाही. आम्ही रात्रभर सरकीच्या पोत्यात निजून आलोय असं नाक मुरडत त्या वर्गात यायच्या. "मेंदू घरी ठेवून आल्या का गं सगळ्या? कोंबड्या राखायला?" ही त्यांची हजेरी. शाब्बास हा शब्द आम्ही त्यांच्या तोंडून ऐकला नाही. मी वर्गात सगळ्यांत धिप्पाड, म्हणून माझं नाव म्हैस. पाटलांची शकू काडीसारखी, ती पापडी.

देवगाव फाट्यापासून आत आमचं गाव. नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावावरून शेजारच्या गावात आम्हा बौद्धांची घरं पेटवली होती. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, पण गिरणीवर आमचं दळण सगळ्यांच्या शेवटी पडायचं आणि वर्गात माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. बाईंना हे रोज दिसत होतं. त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. त्या पाथरीकडच्या देशमुखांच्या. मला वाटायचं, ह्याही त्यांच्यातल्याच.

एकदा ग्रह-तारे शिकवताना त्यांनी विचारलं, "सूर्य जागचा हलत नाही, असं कुणाकुणाला वाटतं?" सगळ्यांनी हात वर केले.

"गाढवं," बाई म्हणाल्या. "म्हशी, ऊठ. पापडी, तूही. व्हरांड्यात चला आणि फुगडी घाला."

शकूनं माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. पंचमीलासुद्धा गावातल्या पोरींच्या फुगड्या वेगळ्या आणि आमच्या वाड्यातल्या वेगळ्या. हात धरायचा प्रश्नच नव्हता. "मुहूर्त काढू का?" बाई खेकसल्या. मग खडूची पूड पाण्यात कालवून आमच्या तळव्यांना लावली आणि आम्ही फिरलो. फरशीवर माझ्या पावलांचं वर्तुळ लहान उमटलं, शकूचं मोठं.

"म्हैस सूर्य, पापडी ग्रह," बाई म्हणाल्या. "पण बघा, म्हैसही जागेवर राहिली नाही. पापडी तिला ओढतच होती. आता ग्रह ताऱ्याच्या फार जवळ असला, तर दोघांचीही खोड मोडते. ग्रहाला तोंड फिरवता येत नाही, एकच बाजू ताऱ्याकडे राहते. आपला चंद्र कधी पाठ दाखवतो का? आणि ग्रह ताऱ्याचं अंग ओढून फुगवतो. तारा सावकाश फिरतो, म्हणून ते फुगलेलं अंग मागं पडतं आणि ग्रहालाही मागं खेचतं. ग्रह आत आत सरकतो, तारा मात्र स्वतःभोवती पहिल्यापेक्षा जोरात फिरायला लागतो. याला युगं लागतात. तुमच्यासारखी घाई तिथं कुणाला नसते."

दुसऱ्या दिवशी पाटील चार माणसं घेऊन हेडमास्तरांच्या खोलीत आले. मला दाराबाहेर उभं केलं होतं.

"आमची पोरगी हिच्याभवती फिरायली, अन् ही सूर्य?" पाटील म्हणाले. "गावात तोंड दाखवायची सोय न्हाई ठेवली. हिचं नाव कमी करा. न्हाईतर आमी आमच्या सगळ्या पोरी काढतो."

हेडमास्तर मान डोलवत होते. माझी आई ह्याच पाटलाच्या रानात खुरपून मला शाळेत धाडत होती. नाव गेलं की उद्या माझ्याही हातात खुरपं येणार, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

"सूर्य कोण ते वजनावर ठरतं, पाटील. घराण्यावर नाही," बाई म्हणाल्या. "लेकीला नीट खाऊ घाला. पुढल्या वर्षी तिला करते."

"बाई, तुमी आमच्यातल्या असून..."

"मी कुणातली नाही. माझ्या वर्गातलं नाव कमी होणार नाही. कमी करायचंच असेल तर माझं करा."

तसंच झालं. माझं नाव राहिलं आणि बाईंची बदली गंगाखेडच्या पलीकडे झाली. मी फाट्यापर्यंत त्यांची पिशवी घेऊन गेले. वाटेत मला रडू आवरेना.

"बाई, माझ्यापायी झालं हे."

"आलीस म्हशीच्या वळणावर. तुझ्यासाठी नाही केलं मी. शिकवलेलं खोटं आहे, असं त्या माणसासमोर म्हणायचं नव्हतं मला." एस.टी. दिसली तशी त्यांनी पिशवी हिसकून घेतली. "आत ओढला गेलेला ग्रह पडायचाच. पण पडण्याआधी तो ताऱ्याला फिरवून जातो. हे गाव फिरलं का, ते तू बघ. मला कळवू नकोस."

त्या खिडकीशी बसल्या, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. कसलं गाव फिरतंय? दळण तर अजून शेवटीच पडत होतं.

पुढच्या पंचमीला शकू आमच्या वाड्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. एकटीच.

"माजं वजन वाढलंय," ती म्हणाली. "आता मी सूर्य. तू फीर."

"तुजा बाप मारील."

"मारलंय की. इकडं यायचं म्हनले तवाच."

तिनं हात पुढे केले. दंडावर वळ होता. आम्ही चिखलात फिरलो, फिरलो, आणि दम लागल्यावर थांबून दोघींनी वाकून पाहिलं. माझंच वर्तुळ लहान होतं.

"अजून तूच," शकू म्हणाली, आणि तिनं पुन्हा हात पुढे केले.