एकोणीस वेळा दाबलेली घंटा

भावना गजभिये मूळची भिवापूरची. तिची आई मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे उघड्या मैदानात बसून मिरचीचे देठ खुडायला जायची. संध्याकाळी आईच्या बोटांची इतकी आग व्हायची की भात कालवून भावनाच तिला भरवायची. पुढे पॉलिटेक्निक झालं, नागपूर आलं, आणि गेली चौदा वर्षं ती मनीषनगरातल्या एका छोट्या कंपनीत आहे. शीतगृहांची दारं, पंखे, दिवे आपोआप चालवणारी यंत्रणा ही कंपनी बसवते. मालक उन्मेष, भावनाहून सहा वर्षांनी लहान. यंत्रणेची स्क्रिप्ट भावना लिहिते.

ही स्क्रिप्ट एरवी नुसती कान देऊन बसलेली असते. दार लागलं, दार उघडलं, आतली घंटा दाबली गेली, असं काही घडलं की त्याच्यासाठी लिहून ठेवलेला हुकूम ती चालवते. काही हुकूम उशिराने चालवायचे असतात. दार लागल्यावर वीस मिनिटांनी पंखे पूर्ण वेगात सुरू व्हायचे, त्यातलाच एक. भावना असा हुकूम पुढच्या वेळेवर टाकून ठेवायची. तोवर स्क्रिप्ट पुन्हा कान देऊन बसायची. मध्येच कोणी दार उघडलं तर तो हुकूम रद्द.

कळमन्याकडच्या एका शीतगृहाचा व्यवस्थापक मधुसूदन. त्याने तक्रार केली की दार सारखं उघडतं, म्हणून पंखे कधी पूर्ण वेग घेतच नाहीत. भावना तेव्हा चार दिवस रजेवर होती. उन्मेषने ऋषीला, तिच्या हाताखालच्या प्रोग्रामरला, सांगितलं, "ते रद्दबिद्द काढून टाक. दार लागलं की वीस मिनिटं थांबायचं, मग पंखे. सरळ हिशेब." ऋषीने तसंच लिहिलं.

भावना परत आली, तिने ते वाचलं आणि तडक उन्मेषच्या केबिनमध्ये गेली.

"सर, हुकूम पुढे टाकणं वेगळं आणि स्क्रिप्टलाच उभं करून ठेवणं वेगळं. ती वीस मिनिटं ठार बहिरी होते. आतून कोणी घंटा दाबली तर?"

"कोण दाबतं हो घंटा? आठ वर्षांत एकदा तरी वाजली का?"

तिने दोनदा मेल केला. उत्तर आलं नाही, आणि त्याच्या होकाराशिवाय बसवलेली स्क्रिप्ट बदलता येत नव्हती.

एप्रिलचा तिसरा आठवडा होता. प्रेमिला मेश्राम ही पन्नाशीची बाई त्या शीतगृहात सांडलेली मिरची झाडून गोळा करायची. बाहेर चव्वेचाळीस अंश, आत चार. घामाने भिजलेल्या सुती लुगड्यात ती पोत्यांच्या मागच्या रांगेत झाडत होती आणि जेवणाची सुट्टी झाली म्हणून कोणीतरी दार लावून घेतलं. बाहेरून ते मुठीने उघडायचं. आतून घंटेचं बटण दाबलं की कुलूप सुटायचं आणि बाहेर भोंगा वाजायचा. प्रेमिलाने बटण दाबलं. काहीच झालं नाही. वीस मिनिटांनी भोंगा जो सुरू झाला तो थांबेना. लोक धावले, तर ती दाराशी बसली होती. तिला धड उभंही राहता येत नव्हतं.

स्क्रिप्टच्या नोंदीत घंटा एकोणीस वेळा दिसली. सगळ्या एकाच सेकंदातल्या, एक बेचाळीसच्या.

"आतमंदी झोपली असंन, मंग मस्करी करून राहिली," मधुसूदनने निकाल दिला आणि तिला कामावरून काढलं.

उन्मेष भावनाला म्हणाला, "घंटा वाजली, कुलूप सुटलं. आपली यंत्रणा ठीक आहे, एवढं लिहून द्या."

भावनाने नोंदीचा कागद त्याच्यासमोर सरकवला. "एका सेकंदात एकोणीस वेळा बटण दाबता येतं? दाबून दाखवा. ती वीस मिनिटं दाबत होती. स्क्रिप्ट जागी झाली तेव्हा साचलेलं सगळं एकदम चाललं."

"ते बघणं आपलं काम नाही, मॅडम."

"माझंच आहे. गाडी काढा."

वाटेत तिने प्रेमिलाच्या खोलीपाशी गाडी थांबवायला लावली. प्रेमिलाच्या उजव्या हाताची बोटं सुजली होती.

"बटन खराब हाय असं वाटलं. तरी दाबतच राहिली. दुसरं होतं काय आत? मंग दार ठोकलं. मंग बुद्धं सरणं म्हनत बसली."

"चला मावशी," भावना म्हणाली. "तिथंच बोलू."

शीतगृहात तिने मधुसूदनला सांगितलं, "मी आत जाते. दार लावा. भोंगा वाजल्याशिवाय कोणी उघडायचं नाही." आत ती थोड्या थोड्या वेळाने बटण दाबत होती आणि दर वेळी घड्याळासकट त्याचं फोनवर चित्रण करत होती. बाहेर सगळं शांत. सहाव्या मिनिटाला उन्मेषने मुठीला हात घातला.

"राहू द्या साहेब," प्रेमिला म्हणाली. "माह्या वेळी कोनी आलं नव्हतं."

त्याने हात मागे घेतला. विसाव्या मिनिटाला भोंगा सुरू झाला. नोंदीत बारा घंटा, एकाच सेकंदातल्या. भावनाच्या फोनवर बारा वेगळ्या वेळा. तिचे ओठ निळसर पडले होते, तरी तिने फोन मधुसूदनच्या नाकासमोर धरला.

"उद्यापासून ये," तो प्रेमिलाला म्हणाला.

"येतो ना. पन मस्करी बोलले ते पहिले वापस घ्या."

त्याने सगळ्यांसमोर ते परत घेतलं, पण खाली मान घालून, पुटपुटत. भावनाने त्याला मोठ्याने म्हणायला लावलं.

जुनी स्क्रिप्ट त्याच दिवशी परत बसली. तेवढ्यावर भावना थांबली नाही. आठवड्याभरात तिने दाराला आतून एक लोखंडी दांडी लावून घेतली. ढकलली की दार उघडतं. तिला वीज लागत नाही, स्क्रिप्टही लागत नाही. प्रेमिलाने ती तीनदा ढकलून पाहिली.

"इतकं सोपं होतं तं पहिले काहून नाही लावली?"

भावना उन्मेषचं नाव घेणार होती, पण तेवढ्यात तिला आठवलं. आठ वर्षांपूर्वी या यंत्रणेचं रेखाटन तिनेच केलं होतं. त्यात दांडी नव्हती. माझी स्क्रिप्ट आहे ना, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

"माझं चुकलं, मावशी."

प्रेमिलाने दांडी आणखी एकदा ढकलून पाहिली. झाडू घेऊन आत गेली.

तीच यंत्रणा आणखी नऊ शीतगृहांत आहे. भावनाने सगळ्यांना पत्रं पाठवली. चौघांनी दांड्या लावल्या. उरलेल्या पाचांना ती दर सोमवारी फोन करते, आणि तो फोन चालू असताना ऋषी तिच्या केबिनचं दार लावून घेतो, कारण तिचा आवाज रस्त्यापर्यंत जातो.