न वळलेल्या मोटारी

डिंडोलीतल्या आमच्या खोलीची एक भिंत मोटारींची होती. वडील पांडेसऱ्यात पत्र्याची खेळणी बनवणाऱ्या कारखान्यात होते. छपाईत रंग सरकलेले पत्रे तिथे बाजूला पडत. कारखाना कायमचा बंद झाला तेव्हा कामगारांनी मालकाला विचारून ते घरी आणले. गल्लीत कुणाचं न्हाणीचं दार झालं, कुणाचं कोंबड्यांचं खुराडं. आमच्याकडे चुलीमागची भिंत झाली.

कापून वळवण्याआधीची खेळणी ती. एकेक मोटार अख्खी उलगडून पडलेली. टप मधे, दारं दोन्ही अंगांना, ड्रायव्हरचा चेहरा खिडकीच्या जरासा बाहेर. दुपारी माय मला कुशीत घेऊन आडवी व्हायची. शेजारच्या कापडाच्या लूमच्या आवाजात डोळे जड व्हायचे आणि वाटायचं, गाड्या झोपल्या की अशाच पसरत असतील. आत्ता कुणी हाक मारली तर अंग गोळा करून उठतील आणि भिंतीतून निघून जातील. मी श्वाससुद्धा हळू घ्यायचे.

गेल्या वर्षी खोली पाडून पक्की बांधायचं ठरलं. मी सासरहून मदतीला गेले. भावानं पत्रे उचकटून अंगणात टाकले. वडील खाटेवर बसून बघत होते.

"एक इकडे आण," ते मला म्हणाले. "कात्रीपण."

त्यांनी मोटार कापली, पण वळता येईना. कारखान्यात ते पत्रा छपाईला लावायचे; वळायचं काम बायकांचं. समोरच्या काकू तिथेच कामाला होत्या. त्या ओट्यावरून उतरून आल्या.

"भाऊ, टप नंतर. आधी दारं."

"वहिनी, तुम्हीच करा," वडील म्हणाले.

काकूंनी पत्रा मांडीवर घेतला. त्यांना आता नीट दिसत नाही. बोटंच कडा शोधत गेली. बघता बघता मोटार उभी राहिली. धुरानं काळवंडलेली, बिनचाकाची. मायनं पदरानं पुसली. काजळी निघाली नाही. मला वाटलं, मी अजून दुपारची झोपलेलीच आहे.

ती मोटार माझ्या लेकीनं नेली. उरलेले पत्रे वडिलांनी भंगारात जाऊ दिले नाहीत. जेवण झालं की एक घेऊन बसतात. त्यांच्या मोटारींची दारं अजून नीट बसत नाहीत. काकू येता-जाता थांबतात, बोटानं चाचपून बघतात आणि हसतात.